‘स्टेशनरी’चं इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त केल्यावरही परत का चुकतं?

गिरगावात, ठाकूरद्वारजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लेटरहेड, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, रबरी शिक्के, दुकानांच्या पाट्यांची डिझाइन्स असं काम चालतं. या कामात एक चूक मी इतक्यांदा सुधारली आहे की ती कुठून येते, कुठे दबा धरून बसते आणि सुधारल्यावरही पुन्हा का उगवते, हे आता मला पक्कं कळलंय. वह्या-पेनं विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत ‘एका जागी स्थिर’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं वह्या-कागद, आणि पडतं भलतंच.

दोन शब्द आहेत. दोन्ही दहा अक्षरांचे, त्यांतली नऊ अक्षरं अगदी तीच. फरक फक्त आठव्या अक्षराचा. एस-टी-ए-टी-आय-ओ-एन इथपर्यंत दोघं हातात हात घालून येतात. पुढे ए-आर-वाय आलं तर अर्थ होतो स्थिर, न हलणारं. ई-आर-वाय आलं तर वह्या, कागद, पाकिटं, पेन्सिली. फोनवर ‘ए’ आणि ‘ई’ सांगितलं की अर्ध्या वेळा उलटं ऐकू जातं, म्हणून आमच्याकडे आम्ही ‘ॲपलवाला’ आणि ‘एलिफंटवाला’ म्हणतो. इथेही तसंच म्हणते.

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास पाट्यांची प्रचंड घाई होती. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली होती, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली होती. आमच्या गल्लीतल्या शालेय वस्तूंच्या दुकानाचे काका मोबाइलवर जुन्या पाटीचा फोटो घेऊन आले. म्हणाले, “ताई, मराठी वर मोठ्या अक्षरात घ्या. खालची इंग्रजी ओळ आहे तशीच ठेवा.” मी आहे तशीच ठेवली. पाटी लागली. वर मराठीत ‘स्टेशनरी’ अगदी शुद्ध, आणि खाली इंग्रजीत ॲपलवाला.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी काका बिलबुकाची ऑर्डर घेऊन आले, तेव्हा प्रूफ वाचताना मला ते खटकलं. बिलबुक सुधारलं, पाटीही सुधारून दिली. पुढच्या वर्षी त्यांची व्हिजिटिंग कार्डं छापली आणि चूक परत हजर! माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाने जुनी फाइल उघडून तिच्यातूनच ओळ उचलली होती. त्या दिवशी मला कळलं की नुसतं अक्षर बदलून भागत नाही. चूक जिथे साठलेली असते, ती जागा गाठावी लागते.

मुळात हात ॲपलकडे का वळतो

पहिलं कारण आपल्या कानात आहे. बोलताना दोन्ही शब्द ‘स्टेशनरी’च. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या तोंडूनही आठवं अक्षर धड ऐकू येत नाही, कारण तिथे जोर नसतो. देवनागरीत तर प्रश्नच उरत नाही, दोन्ही एकसारखेच लिहायचे. म्हणून मराठी पाटी कधी चुकत नाही, चुकते ती तिच्याखालची इंग्रजी ओळ.

दुसरं कारण हाताच्या सवयीचं. आपण रोज जे इंग्रजी शब्द लिहितो ते आठवून बघा: जानेवारी, फेब्रुवारी, लायब्ररी, डिक्शनरी, डायरी, सॅलरी, सोसायटीच्या लेटरहेडवरचा सेक्रेटरी. हे सगळे ॲपलवाले आहेत. शाळेच्या यादीत तर डिक्शनरी आणि स्टेशनरी एकाखाली एक येतात, मग वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीला लागतं. लिहिणारा अडाणी असतो असं मुळीच नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजीत सफाईने बोलणाऱ्या ग्राहकांच्या मजकुरातही ही चूक मी नेहमी बघते.

तिसरं कारण संगणकाचं. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे लाल रेघ येत नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये संदर्भ बघून निळी रेघ मारायची सोय असते, पण ती कधी पकडते, कधी सोडते. पाटीवर तर जेमतेम तीन-चार शब्द असतात. त्यातून संदर्भ कळणार तरी कसा?

शाळेतल्या क्लृप्त्या आपल्याला का पावत नाहीत

सगळीकडे सांगतात की एन्व्हलपमध्ये एलिफंटवाला ई आहे, म्हणून कागद-पाकिटांच्या शब्दातही तोच. इंग्रजीत विचार करणाऱ्याला हे चालतं. मराठी कानाला ‘एन्व्हलप’मध्ये पहिला आवाज ऐकू येतो ‘ए’, आणि ‘ए’ हे तर ॲपलच्या अक्षराचं नाव! माझ्या भाचीने नेमकं हेच केलं होतं. “मावशी, एन्व्हलपचा ए, म्हणून मी ए लिहिला.” तिने क्लृप्ती चोख पाठ केली होती, आणि तिनेच तिला चुकवलं.

दुसरी क्लृप्ती पेपरची. पेपरच्या शेवटी ई-आर आहे, ते लक्षात ठेवा म्हणतात. पण पेपरमध्ये ॲपलवालाही आहे, दुसऱ्याच जागेवर. घाईत कोणता आठवायचा?

म्हणून या दोन्ही मी मुलांना सांगायच्या सोडून दिल्या.

दुकानदाराला हाक मारा

जी युक्ती मला खरोखर उपयोगी पडली, ती आपल्याच गल्लीतल्या पाट्यांवर लिहिलेली आहे. गिरगावात, फोर्टात जुन्या दुकानांवर ‘बुकसेलर्स अँड स्टेशनर्स’ अशा पाट्या दिसतात. ‘स्टेशनर’ म्हणजे या मालाचा दुकानदार. त्याच्या शेवटी ई-आर असतं, जसं बेकरच्या शेवटी, ग्रोसरच्या शेवटी. स्टेशनर लिहिताना ॲपल घातलेला मी आजवर पाहिलेला नाही. आता या दुकानदारांच्या मागे नुसता वाय लावा. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, ज्वेलरची ज्वेलरी, आणि स्टेशनरची स्टेशनरी.

आणखी पाट्या वाचत चला: कटलरी, होजिअरी. बहुतेक विक्रीचा माल, आणि सगळे एलिफंटवाले. मिठाई-चॉकलेटच्या दुकानावरचा कन्फेक्शनरी हा शब्दही याच घरातला, आणि तोही असाच चुकतो. कन्फेक्शनर हा दुकानदार, म्हणून तिथेही ई-आर-वाय. एका युक्तीत दोन पाट्या सुधारतात.

हा नियम शेपटावरून आंधळेपणाने लावू नका. दवाखान्याच्या पाटीवरची डिस्पेन्सरी ॲपलवाली आहे आणि लायब्ररीही. म्हणून प्रश्न शेपटाला विचारायचा नाही, माणसाला विचारायचा: या शब्दामागे ई-आरने संपणारा दुकानदार उभा आहे का? ‘लायब्रर’ म्हणून कोणी नसतो. स्टेशनर असतो.

या दोन शब्दांची गल्लत होते त्याला इतिहासातही कारण आहे, आणि मला तो भाग फार आवडतो. दोघांचं मूळ एकच आहे. मध्ययुगीन युरोपात बरेचसे विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठांच्या जवळ पुस्तकं विकणारे मात्र ठरलेल्या जागी बसत, म्हणून त्यांना लॅटिनमध्ये ‘एका जागी ठाण मांडलेला’ अशा अर्थाचं नाव पडलं. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर इतर सगळे फेरीवाले आणि हा गाळेवाला. त्या नावावरून इंग्रजीत स्टेशनर आला. लंडनमध्ये १४०३ साली या लोकांचा संघ स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. पुढे स्टेशनर विकतो तो माल म्हणजे स्टेशनरी, असा वेगळा शब्द रूढ झाला आणि त्यात दुकानदाराचा ई-आर तसाच राहिला. ‘स्थिर’ अर्थाच्या शब्दाने लॅटिनचा ॲपलवाला धरून ठेवला. त्या लॅटिन शब्दाचा धातू आणि आपला संस्कृत ‘स्था’ हे एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. स्थान, स्थिर आणि चर्नी रोडच्या फलाटावरचं ‘स्थानक’, सगळे एकाच कुळातले.

उलट बाजूनेही तपासा

शंका राहिलीच तर वाक्यात मराठी शब्द घालून बघा. ‘लेखनसामग्री’ बसतो का? मग एलिफंट. ‘स्थिर’ बसतो का? मग ॲपल. लेखनसामग्री हा शब्द पुस्तकी वाटेल, पण आमच्या जवळच चर्नी रोडला शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आहे. तिथल्या इंग्रजी नावात ई-आर-वाय आहे, म्हणजे जोडी आयती मिळते.

‘स्थिर’च्या बाजूला लक्षात ठेवायला भूस्थिर उपग्रह चांगला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या वेगानेच फिरतो, म्हणून खालून बघितलं तर एका जागी थांबल्यासारखा. त्याच्या इंग्रजी नावात आपला ॲपलवाला शब्द अख्खा आहे, आणि ‘भूस्थिर’मध्ये ‘स्थिर’ अख्खा आहे. बारावीच्या फिजिक्समधले स्थिर तरंगही ॲपलवालेच. आणि ‘अचल’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर पहिलं अक्षर कोणतं येतं? ॲपलचं. भाचीला मी आता एवढंच सांगते: अचल म्हणजे ॲपल, दुकानदार म्हणजे एलिफंट.

चूक कुठे कुठे साठते

आता मुख्य काम. शब्द कळला, तरी चूक परत येते, कारण ती तुमच्या डोक्यात नसून कुठल्या तरी फाइलमध्ये असते.

हिशेबात बघा. टॅलीमध्ये ‘प्रिंटिंग अँड स्टेशनरी’ हे खर्चाचं खातं जवळजवळ प्रत्येक कंपनीत असतं. ते उघडताना कोणीतरी एकदाच ॲपल टाकला की तो दरवर्षी प्रत्येक व्हाउचरवर, ताळेबंदाच्या परिशिष्टात, सीएकडे जाणाऱ्या कागदात येत राहतो. तो एकेका व्हाउचरवर सुधारू नका. ऑल्टरमध्ये जाऊन ते लेजर उघडा, नावातलं एक अक्षर बदला आणि सेव्ह करा. जुन्या नोंदीही नव्या नावाने दिसतील. नवीन नावाचं दुसरं खातं मात्र उघडू नका. मग निम्मा खर्च एकात आणि निम्मा दुसऱ्यात पडतो, आणि मार्चमध्ये जुळवताना जीव जातो.

डिझाइनच्या फाइलचा भाग माझ्या धंद्याचा. कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये पाटी तयार झाली की आम्ही अक्षरं कर्व्हमध्ये बदलतो, म्हणजे फॉन्ट नसलेल्या मशिनवरही ती तशीच उमटतात. एकदा कर्व्ह केल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात. शोधून सापडत नाहीत आणि टाइप करून बदलत नाहीत. म्हणून तपासणी कर्व्हच्या आधी. आणि चुकीची जुनी फाइल नुसती बाजूला ठेवू नका, काढून टाका किंवा तिच्या नावातच ‘वापरू नका’ लिहा. काकांच्या कार्डांवर चूक परत आली ती अशाच बाजूला ठेवलेल्या फाइलमधून.

वर्डचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. चूक कायमची थांबावी म्हणून मी ऑटोकरेक्टमध्ये नोंद घातली: ॲपलवाला टाइप झाला की आपोआप एलिफंटवाला व्हावा. काही महिने छान चाललं. मग एका ग्राहकाचं कोटेशन आलं. बांधकामाच्या साइटवर काँक्रीटचे पंप भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. एक पंप लांब बूमचा आणि दुसरा एका जागी ठेवून पाइपने काँक्रीट वर चढवायचा, त्याला साइटवर सगळे ‘स्टेशनरी पंप’च म्हणतात. तो स्थिर, म्हणजे ॲपलवाला. मी बरोबर टाइप केलं होतं, पण माझ्याच ऑटोकरेक्टने ते गुपचूप बदललं, आणि पुनर्विकासाच्या एका मोठ्या कामाच्या कोटेशनवर ‘वह्या-कागदांचा पंप’ असा शब्द गेला. दर बरोबर होते, काम त्यांना मिळालं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. ती नोंद मी त्याच दिवशी काढली. फाइंड-रिप्लेसमध्ये ‘सगळे बदला’ दाबायची सवयही तेव्हाच सोडली. एकेक थांबून बघते.

त्याऐवजी हे करा. वर्ड बंद करा. विंडोजच्या रनच्या चौकटीत (विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की ती येते) दोन टक्केचिन्हांमध्ये ‘ॲपडेटा’ लिहून तो फोल्डर उघडा, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि त्याच्या आत ‘यूप्रूफ’. तिथे ‘एक्सक्लूड डिक्शनरी’ने सुरू होणाऱ्या फाइली असतात, भाषेगणिक एक. भारतीय इंग्रजीची फाइल ४००९ या आकड्याची, अमेरिकन इंग्रजीची ०४०९. तुम्ही वर्डमध्ये जी भाषा लावता ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ॲपलवाला शब्द लहान अक्षरांत एका ओळीवर लिहा, एंटर मारा आणि सेव्ह करा. कन्फेक्शनरीचा ॲपलवाला अवतारही पुढच्या ओळीवर घाला. आता वर्ड हा शब्द बदलणार नाही, पण दिसला की खाली लाल रेघ मारेल. पंपाचं कोटेशन असेल तर तुम्ही रेघ बघून पुढे जाल, शाळेची यादी असेल तर थांबाल. निर्णय माणसाच्या हातात राहतो, आणि मला तेच योग्य वाटतं.

एक खूण मात्र आधी काढावी लागते. वर्ड मुळातच सगळी मोठी अक्षरं असलेले शब्द तपासत नाही. लेटरहेड आणि पाट्या तर आपण मोठ्या अक्षरांतच करतो, म्हणजे नेमकी तीच जागा बिनतपासणीची! ऑप्शन्समध्ये प्रूफिंगमध्ये जाऊन ‘मोठ्या अक्षरांतले शब्द वगळा’ अशा अर्थाची टिक असते, ती काढा.

पाटी लागून गेली असेल तर

विनाइलची अक्षरं असतील तर काम सोपं. हेअर ड्रायरने गरम करून एक अक्षर सोलायचं आणि त्याच फॉन्टचं, त्याच आकाराचं दुसरं लावायचं. फ्लेक्सवर ठिगळ दिसतं, तो नवा छापलेलाच बरा. रबरी शिक्का असेल तर रबर नवं करा.

ॲक्रिलिकची उठावाची मोठी अक्षरं असतील तर एक गोष्ट आधी सांगून ठेवते. मोठा ए वर निमुळता आणि खाली फाकलेला, त्यामुळे तो शेजारच्या अक्षरांना जवळ घेऊन बसवलेला असतो. मोठा ई सरळ कण्याचा, आणि बहुतेक फॉन्टमध्ये ए-पेक्षा अरुंद. ए काढून त्याच जागी ई ठोकला की पुढे फट पडते आणि लांबून शब्द तुटल्यासारखा दिसतो. काकांच्या पाटीवर आम्ही शेवटचे आर आणि वाय थोडे डावीकडे सरकवले, आणि जुनी भोकं मागच्या पत्र्याच्याच रंगाच्या विनाइलने झाकली. अर्ध्या दिवसाचं काम झालं. कारागिराला नुसतं “ए काढून ई लावा” म्हणू नका, “शेवटची तीन अक्षरं नव्याने बसवा” असं सांगा.

छापून झालेली बिलबुकं मात्र फाडू नका. आकडे आणि पत्ता बरोबर असेल तर ती संपू द्या, पुढच्या छपाईत सुधारा.

एका ठिकाणी हात आवरा. दुकानाच्या नोंदणीकृत नावातच ॲपलवाला असेल, म्हणजे गुमास्त्यावर (दुकानाच्या नोंदणीच्या कागदावर), जीएसटीच्या प्रमाणपत्रावर आणि बँकेच्या खात्यावर तसंच नाव असेल, तर नुसतं बिलबुकावर परस्पर बदलू नका. कागदोपत्री नाव सगळीकडे एकच राहायला हवं. आधी नोंदणीत दुरुस्तीचा अर्ज करा, मग बँक, मग छपाई. म्हणून मी आता ग्राहकाला पहिल्यांदा हेच विचारते, की हा शब्द तुमच्या नावाचा भाग आहे की खालच्या माहितीच्या ओळीतला? काकांचा खालच्या ओळीतला होता, म्हणून पटकन सुटलं.

अशाच दुसऱ्या जोड्यांनाही ‘मराठी शब्द घालून बघा’ ही युक्ती लागू पडते. प्रिन्सिपलच्या जोडीत मुख्याध्यापक किंवा कर्जाचं मुद्दल बसलं तर शेवट ए-एल, तत्त्व बसलं तर एल-ई. दुकानदाराची युक्ती मात्र तिथे चालत नाही.

आणि प्रूफ पाठवताना आता मी ‘चेक करून ओके कळवा’ एवढंच लिहीत नाही, कारण ग्राहक फोन नंबर आणि पत्ता बघतो आणि ओके कळवतो. आमच्याकडून व्हॉट्सॲपवर हा मजकूर जातो, हवा तर तसाच उचला: “नमस्कार. प्रूफ पाठवलं आहे. इंग्रजी ओळीत स्टेशनरी या शब्दाचं आठवं अक्षर आम्ही ई ठेवलं आहे, एलिफंटचा ई, कारण तुम्ही वह्या-कागद विकता. तुमच्या गुमास्त्यावरच्या नावात ते वेगळं असेल तर त्याचा फोटो पाठवा. तुमचं उत्तर आल्यावरच कर्व्ह करू.”